युनिटचा भाव : सांगितलेला आणि मोजलेला

श्रोतेहो, समजा, दहा घरांनी मिळून एका पेवात ज्वारी भरली. कारभाऱ्याने सांगितलं, "प्रत्येकाचा वाटा चौदा मणांचा." पेव उघडून कुणी पाहिलं नाही. आत ओल लागून ज्वारी नासली होती. उरली होती शंभर मण. म्हणजे खरा वाटा दहाच मणांचा. पाच घरांना याचा सुगावा लागला. त्यांनी चौदा-चौदा मण उचलले. सत्तर गेले, तीस उरले. मागे राहिलेल्या पाच घरांना मिळाले सहा-सहा मण! चोरी कुणीच केली नव्हती. वाटा मोजला नव्हता, नुसता सांगितला होता, एवढंच.

आपल्या देशात पैशांच्या बाबतीत हेच घडलं. लहान माणसाची बचत उद्योगधंद्यांत गुंतावी म्हणून १९६३ साली संसदेच्या कायद्याने मुंबईत युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. १९६४ च्या जुलैत तिची पहिली योजना निघाली. युनिटची दर्शनी किंमत १० रुपये. शिक्षक, कारकून, पेन्शनर यांनी विश्वासाने युनिटं घेतली. पण युनिट कितीला विकायचं आणि कितीला परत घ्यायचं, हे ट्रस्टच ठरवून जाहीर करी. त्या भावाला रोजच्या बाजारभावाची बांधीलकी नव्हती.

राखीव निधी भरलेला होता तोवर हे निभावलं. १९९८ साली मात्र तो हजार कोटींहून अधिक रुपयांनी उणा झाल्याचं उघड झालं. १९९९ मध्ये दीपक पारेख समितीने शिफारस केली, की तीन वर्षांत भाव खऱ्या मालमत्तेवर आणा. तरीही २००१ च्या मे महिन्यात भाव १४ रुपयांच्या आसपास होता. त्या सुमारास बड्या कंपन्यांनी मोठ्या रकमा काढून घेतल्या. २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने खरेदी-विक्री सहा महिने थांबवली. लहान युनिटधारक दाराशीच राहिले! जानेवारी २००२ मध्ये मोजलेला भाव आला, तो सहा रुपयांच्या आसपास. लहान युनिटधारकांना शेवटी सरकारी हमी द्यावी लागली. म्हणजे खड्ड्याचा भार सरकारी तिजोरीवर आला.

आता म्युच्युअल फंडाचा भाव कसा निघतो, ते पाहा. बाजार बंद झाल्यावर फंडाजवळच्या शेअरांची, रोख्यांची त्या दिवशीची किंमत मांडतात. त्यात रोकड आणि येणं मिळवतात. देणं आणि खर्च वजा करतात. उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागलं, की भाव आला. यालाच नक्त मालमत्ता मूल्य म्हणतात. रक्कम १२ लाख आणि युनिटं १ लाख, तर भाव १२ रुपये. म्हणून १० रुपयांचं युनिट स्वस्त आणि १०० रुपयांचं महाग, असं समजू नका. तो नुसता भागाकार आहे.

हा भाव घसरणार नाही, अशी हमी कुणी देत नाही, बरं का! पण आधी जाणारा मागे राहणाऱ्याचा वाटा नेत नाही. गुरुजी, हे उदाहरण वर्गात फळ्यावर जरूर मांडा. आणि मंडळी, कुणी वाटा सांगितला, तर एवढं नक्की विचारा : पेव मोजलं का?