विशेष नैमित्तिक रजा

विशेष नैमित्तिक रजा ही भारतातील शासकीय कर्मचाऱ्यांना ठरावीक सार्वजनिक किंवा परोपकारी कारणांसाठी मिळणारी पूर्ण वेतनी सवलत आहे. रक्तदान, अवयवदान, गृहरक्षक दलाची (होमगार्ड) सेवा आणि राष्ट्रीय पातळीवरील क्रीडास्पर्धा ही तिची प्रमुख कारणे होत.

स्वरूप

नैमित्तिक रजेवरील कर्मचारी कामावरून अनुपस्थित मानला जात नाही व त्याचे वेतन चालू राहते. केंद्रीय कर्मचाऱ्यांना वर्षाला ८ दिवस साधी नैमित्तिक रजा मिळते. विशेष नैमित्तिक रजा या दिवसांतून वजा होत नाही. त्यामुळे परोपकारासाठी कर्मचाऱ्याला स्वतःची रजा खर्ची घालावी लागत नाही.

रक्तदान

केंद्र शासनाच्या २०१७ च्या आदेशानुसार परवानाधारक रक्तपेढीत कामाच्या दिवशी रक्त किंवा रक्तघटक (तांबड्या पेशी, रक्तद्रव, बिंबिका) देणाऱ्या कर्मचाऱ्यास त्या दिवसाची रजा मिळते. ही सवलत वर्षातून जास्तीत जास्त ४ वेळा असून दानाचा पुरावा सादर करावा लागतो.

अवयवदान

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय कार्मिक व प्रशिक्षण विभागाने जिवंत अवयवदात्या कर्मचाऱ्यांसाठी कमाल ४२ दिवसांची रजा मंजूर केली. शस्त्रक्रिया कोणत्याही अवयवाची असली, तरी ही मर्यादा तीच राहते. रजा साधारणपणे रुग्णालयात दाखल झाल्यापासून सलग घ्यावयाची असते. वैद्यकीय शिफारस असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी एक आठवड्यापर्यंत ती सुरू करता येते.

मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ नुसार अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. तथापि, अवयव दिल्यामुळे प्रत्यक्ष बुडालेल्या उत्पन्नाची वाजवी भरपाई या कायद्याच्या ‘मोबदला’ या व्याख्येत येत नाही. दात्याला मिळणारी पगारी रजाही अवयवाची किंमत ठरत नाही. तिच्यामुळे दात्याचे आर्थिक नुकसान टळते.

छत्रपती संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे मराठवाड्याचे विभागीय मुख्यालय आहे. अवयवांच्या वाटपाचा समन्वय करणाऱ्या राज्यातील चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांपैकी एक येथे आहे. उर्वरित केंद्रे मुंबई, पुणे व नागपूर येथे आहेत. ही केंद्रे प्रामुख्याने मेंदूमृत व्यक्तींच्या अवयवांचे वाटप करतात. पगारी रजेचा प्रश्न मात्र जिवंत दात्यांपुरता, म्हणजे मुख्यतः मूत्रपिंड व यकृताचा भाग देणाऱ्यांपुरता येतो.

शहरात टपाल, आयकर, पुरातत्त्व अशा केंद्रीय खात्यांची, तसेच विभागीय आयुक्तालय, जिल्हाधिकारी कार्यालय अशी राज्य शासनाची कार्यालये आहेत. केंद्राचा आदेश थेट केंद्रीय कर्मचाऱ्यांना लागू होतो. राज्य कर्मचाऱ्यांची रजा महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आणि राज्याच्या स्वतंत्र शासन निर्णयांनुसार ठरते. म्हणून एकाच शहरात, एकाच प्रकारचे दान करणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांना लागू होणारे नियम वेगळे असू शकतात. खासगी आस्थापनांतील कामगारांना केंद्राचा हा आदेश लागू नाही.

हेही पाहा

* अवयवदान
* गृहरक्षक दल
* रक्तदान