टपाल: टप्प्याचं की ठप्प्याचं?

शनिशिंगणापूरच्या जुन्या घरांना चौकटी आहेत, पण दारं नाहीत. 2011 साली यूको बँकेनं इथं काढलेली शाखाही बिनकुलपाची. नेवासे तालुक्यातल्या या गावात हिंडताना मनात आलं, दाराखालून टपाल आत सरकवायची सोयच इथं नाही! आणि मग शब्दच डोक्यात शिरला.

डाक उत्तरेची, टपाल दक्षिणेचं आणि आपलं. 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशानं त्याच्या व्युत्पत्तीपुढे हात टेकले. तेलुगूचे कोशकार सी. पी. ब्राउन यांनी फ्रेंच ‘एताप’कडे, म्हणजे मुक्कामाकडे, बोट दाखवलं. भाषा-अभ्यासक जॉन बीम्सना त्यात ठप्पा मारल्याचा आवाज ऐकू आला. मला मात्र आपला ‘टप्पा’च पटतो. एकानं पळत थैली आणायची, टप्प्यावर दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायची. युरोपातलं ‘पोस्ट’ही त्याच जातीचं: लॅटिनमध्ये ‘ठेवलेली’, म्हणजे घोडे बदलायला ठेवलेली चौकी.

तिकडचं तातडीचं टपाल ‘एक्स्प्रेस’, खास त्याच कामाला धाडलेलं. आपल्याकडे ती तातडी सांडणीस्वाराकडे असे. सांडणी म्हणजे वेगवान उंटीण. पत्रं नेणारा जासूद मात्र मूळचा अरबी ‘जासूस’, हेर. पत्र पोचवता पोचवता वाटेतलं पाहूनही येई, तर शब्दाला दोष कसा द्यावा?

1 ऑगस्ट 1986 ला स्पीड पोस्ट आलं. त्याला ‘सांडणी’ म्हणावंसं कुणाला वाटलं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.