महारोहिणीची झडप आणि हृदयाचा हक्काचा वाटा

तानसाचे धरण १८९२ साली झाले. तेव्हापासून शहापूरच्या डोंगरातील पाणी मुंबईला जात आले. पुढे वैतरणेचे आणि भातसेचेही गेले. ज्या डोंगरात हे पाणी अडते, त्याच डोंगरातील पाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, हे इथल्या श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको. निसर्गाने मानवी हृदय घडविताना मात्र असा अन्याय केलेला नाही. हृदयातून निघणारी महारोहिणी साऱ्या देहाला रक्त पुरविते. परंतु तिच्या दारातच, झडपेला लागून, दोन लहान फाटे फुटतात आणि हृदयाच्याच मांसाकडे वळतात. डॉक्टरमंडळी त्यांना कॉरोनरी रोहिण्या म्हणतात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्तप्रवाहातील शेकडा पाचांच्या आसपास हिस्सा याच वाटेने जातो. जो सर्वांना पुरवितो, त्याचा वाटा पहिला.

हा वाटा पोहोचतो कसा, हे कळावयास माणसाला शतके लागली. लिओनार्दो दा विंची याने १५१३ च्या सुमारास बैलाचे हृदय फाडून महारोहिणीच्या झडपेची चित्रे काढली. तीन पाकळ्या आणि प्रत्येकीच्या मागे एक फुगीर खिसा. काचेचा साचा करून त्यातून गवताचे बी मिसळलेले पाणी सोडावे आणि भोवरे पाहावे, असा प्रयोगही त्याने लिहून ठेविला. दोनच पाकळ्यांची झडपही त्याच्या चित्रांत आहे. त्या खिशांना ज्याचे नाव मिळाले, त्या इटलीतील वालसाल्वा याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १७४० साली प्रसिद्ध झाले. तीनपैकी दोन खिशांतून कॉरोनरी रोहिण्या निघतात. हृदय आकुंचन पावते तेव्हा त्याचे मांस आतल्या रोहिण्यांना आवळून धरते. ते सैल पडते, झडप मिटते, तेव्हाच डाव्या कप्प्याच्या मांसाला बहुतेक रक्त मिळते. म्हणजे हृदयाची भाकरी त्याच्या विश्रांतीच्या क्षणात असते.

आता जन्मतःच झडपेला तिनाऐवजी दोन पाकळ्या असल्या तर? १०० माणसांत १ किंवा २ जणांची झडप अशी असते, पुरुषांत अधिक. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांची २०११ ची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात होती. या हिशेबाने इथेच पाच ते दहा हजार माणसे निघतील. त्यांपैकी पुष्कळांना तरुणपणी काहीच जाणवत नाही. अशा झडपेवर जंतूंचा दाह सहज बसतो, याकडे विल्यम ऑस्लर याने १८८६ सालीच लक्ष वेधले होते. पुढे वयाबरोबर पाकळ्या जाड होतात, चुन्यासारख्या कडक होतात आणि दार आखडते. मग रक्त ढकलण्यासाठी हृदयाचे मांस वाढते. वाढलेल्या मांसाला रक्त जास्त हवे असते, पण आतल्या दाबाने त्याच्याच रोहिण्या दबतात. झडप गळकी असली तर विश्रांतीच्या क्षणीचा दाब उतरतो आणि वाटा आणखी घटतो. शिवाय अशा माणसांत कॉरोनरींची ठेवणही पुष्कळदा निराळी असते. डाव्या रोहिणीचा मूळ बुंधा आखूड असतो. सारांश, रोहिण्या आतून स्वच्छ असूनही छाती दुखू शकते.

येथेच आमच्या चळवळीचा संबंध येतो. विटांचा भार डोक्यावर घेऊन चढणाऱ्याचे हृदय जलद चालते आणि जलद चालले की विश्रांतीचा क्षणच आखूड होतो. तो मधेच बसला की मुकादम म्हणतो, अंगचोर आहे. रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ मध्ये मांडून दाखविले की, आखडलेल्या झडपेच्या रोग्याला छातीत कळा, घेरी किंवा धाप सुरू झाल्यावर शस्त्रक्रियेवाचून सरासरीने दोन ते पाच वर्षेच उरतात. अंगचोर ठरविलेल्या माणसाची ती वर्षे भट्टीवर उचल फेडण्यात जातात.

उपाय नाहीत असे नाही. १९६० मध्ये अमेरिकेत हार्केन याने महारोहिणीच्या जागी कृत्रिम झडप बसविली. १९६८ मध्ये इंग्लंडात बेंटॉल आणि डी बोनो यांनी झडपेसह महारोहिणीचा मूळ भागच बदलून कॉरोनरींची तोंडे नव्या नळीला शिवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केले. रोगी काही तासच जगला, पण आसनगावहून लोकलने गाठता येईल अशा ठिकाणी काय धाडस चालले होते ते त्यावरून दिसते. डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली देशी झडप १९९० च्या डिसेंबरात प्रथम माणसाला बसविली गेली. खर्चाचेही काही अंशी सुटले: राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर लागू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले.

अडते ते पहिल्या पायरीवर. लेनेक याने १८१६ साली कागदाची सुरळी छातीला लावून हृदय ऐकले. त्या साध्या ऐकण्यालाच आमची माणसे मुकतात. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने कारखान्यातील कामगाराला दवाखाना दिला. हंगामी कारखाने मात्र मूळ कायद्यातच वगळले गेले. २०१३ पासून बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासू लागली. परंतु दिवाळीनंतर कातकरी कुटुंब भिवंडीकडे भट्टीवर जाते ते पाऊस तोंडावर येईपर्यंत परतत नाही. पथक येते त्या दिवशी हजेरीपटावर पोर गैरहजर!

म्हणून आमची मागणी आहे की, भट्टीच्या हंगामात पथक भट्टीवरच जावे. एकदा ऐकून भागणार नाही, कारण बालपणी ही झडप कित्येकदा मुकी असते; वयात आल्यावर पुन्हा ऐकावे आणि शंका येताच प्रतिध्वनी-तपासणी व्हावी. एकाची झडप दोन पाकळ्यांची निघाली तर त्याचे आईबाप, भावंडे आणि मुले यांनाही तपासावे, कारण दर दहांत साधारण एका जवळच्या नातलगात ती सापडते. कामावर धाप लागली, घेरी आली, छातीत कळ आली, तर मजुराने ती लपवू नये. आणि संघाच्या कार्यकर्त्याने मजुरीचा हिशेब लिहितो त्याच वहीत ती लिहून घ्यावी, तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत सोबत जावे. हृदयाला त्याचा पहिला वाटा निसर्गाने दिलेला आहे. तो अडला आहे काय, हे वेळीच ऐकण्याची व्यवस्था आपणांस भांडून मिळवावी लागेल.