बिनतारीची तार

मराठीत काही शब्द असे रुजले आहेत की, त्यांच्या पोटातली विसंगती कुणाच्या ध्यानातही येत नाही. ‘बिनतारी’ हा त्यांतलाच एक. ज्या विद्येला आपण बिनतारी म्हणतो तिचा इतिहास पाहू गेले, तर तो आरंभापासून तारेचाच इतिहास आहे. गावाला गाव जोडणारी खांबांवरची तार तिने काढून टाकली हे खरे. पण तिच्या बदल्यात प्रत्येक केंद्राच्या डोक्यावर एक तार आणून टांगली. यंत्र कितीही मोलाचे असो, आकाशात ताणलेली ती तार नसेल तर ते मुके आणि बहिरे!

मी शास्त्राचा पदवीधर नव्हे. शाळेत इतिहासाचे तास घेणारा आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. तरीही या तारेच्या कथेने मला भुरळ घातली ती एवढ्यासाठी की, तिच्यातला पराक्रम सरकारांनी आणि कंपन्यांनी जेवढा केला, तेवढाच हौशी माणसांनी आपापल्या घराच्या छपरावरून केला आहे. आणि तोही त्यांना टाकाऊ म्हणून दिलेल्या वस्तूच्या बळावर.

कथेचा आरंभ मात्र राजेशाही थाटाचा आहे. 1901 साली मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पाठविण्याचा घाट घातला. त्या काळची समजूत अशी की, लांबचा पल्ला गाठायचा तर लहर लांब हवी, आणि लहर लांब म्हणजे तारही अवाढव्य हवी. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर पोल्डू येथे सुमारे दोनशे फूट उंचीच्या वीस डोलकाठ्या वर्तुळाकार उभ्या केल्या आणि त्यांवर तारांचे जाळे विणले. सप्टेंबरात वादळ आले आणि तो सारा डोलारा जमीनदोस्त झाला. मार्कोनींनी हाय खाल्ली नाही. दोन काठ्या उभारून त्यांच्यामध्ये तारांचा पंखा टांगला आणि स्वतः पलीकडच्या तीरावर, न्यूफाउंडलंडला गेले. तेथे काठ्या रोवायला सवड नव्हती. म्हणून त्यांनी काय केले? पतंग उडविला! संक्रांतीला आपली मुले मांजा सोडतात तशी पाचशे फूट तार पतंगाला बांधून आकाशात सोडली. 12 डिसेंबर 1901 रोजी त्या तारेवरून मोर्सच्या ‘एस’ अक्षराचे तीन टिंब ऐकल्याचे त्यांनी जाहीर केले. त्या दिवशी खरोखर काय ऐकू आले याविषयी शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. परंतु त्या घोषणेने जगाचे कान टवकारले, यात शंका नाही.

त्यानंतर लांब लहरींवर सरकारे आणि कंपन्या तुटून पडल्या. शेकडो फुटी मनोरे आणि मैल मैल तारा, असा खर्चाचा खेळ सुरू झाला. मधल्या मध्ये अडचण झाली ती हौशी पोरांची. अमेरिकेत हजारो तरुण घरी यंत्रे जुळवून एकमेकांशी टिकटिक करीत आणि आरमाराच्या संदेशांत व्यत्यय आणीत. 1912 मध्ये तेथे कायदा झाला. हौशी लोकांनी 200 मीटर आणि त्याखालच्याच लहरी वापराव्यात, असा त्यात हुकूम होता. या आखूड लहरी दूर जातच नाहीत, असे तज्ज्ञांचे मत होते. म्हणजे वाटणीच्या वेळी थोरल्याने काळी जमीन घ्यावी आणि धाकट्याच्या पदरात खडकाळ माळ टाकावा, तसलाच हा न्याय!

पण या खडकाखाली पाणी होते. 1921 च्या डिसेंबरात अमेरिकेतील हौशी संघाने पॉल गॉडली या जाणकाराला स्कॉटलंडमध्ये पाठविले. आर्ड्रॉसन गावाजवळ समुद्रकाठच्या शेतात त्याने तंबू ठोकला, आणि बुटक्या खांबांवरून हजार फुटांहून लांब तार अमेरिकेच्या रोखाने ताणली. थंडी, पाऊस आणि सोसाट्याचा वारा यांत कानाला श्रवणयंत्र लावून तो रात्र रात्र बसला. आणि कनेक्टिकट राज्यात हौशी मंडळींनी उभारलेल्या केंद्राचा संदेश त्याने अक्षरशः लिहून घेतला. पुढे नोव्हेंबर 1923 मध्ये फ्रान्समधील लेओं दलुआ आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी सुमारे 110 मीटरच्या लहरीवर महासागर ओलांडून दुतर्फा संभाषण केले. लहर जसजशी आखूड करावी तसतसा पल्ला वाढतच चालला! कारण उंच वातावरणात विद्युद्भारित कणांचे जे थर आहेत, त्यांवर आपटून या लहरी चेंडूसारख्या पुन्हा जमिनीकडे येतात.

यातली मला सर्वांत आवडती हकीकत शाळेतली आहे. 18 ऑक्टोबर 1924 रोजी न्यूझीलंडमधील फ्रँक बेल या मेंढपाळीच्या मळ्यावर राहणाऱ्या हौशी गृहस्थाने पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाशी, म्हणजे इंग्लंडशी, संधान बांधले. तिकडून उत्तर देणारा कोण होता? लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी! शाळेने मुलाला तार बांधू दिली आणि त्या मुलाने अर्ध्या पृथ्वीचा फेरा घातला. हेच गॉयडर 1936 मध्ये आपल्या देशात नभोवाणीचे मुख्य अभियंता म्हणून आले. एवढा अफाट देश थोड्या केंद्रांत पोचवायचा तर आखूड लहरींचाच आधार घ्यावा, ही योजना त्यांचीच. मुलांनी छपरावर काही बांधायला काढले की आपण मास्तर लोक प्रथम ‘खाली उतर’ म्हणतो, म्हणून ही गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत मुद्दाम सांगत असतो.

आता यातले घरगुती गणित पाहा. कुठल्याही साध्या एरियलची सोयीची लांबी लहरीच्या निम्मी असते. हजार मीटरच्या लहरीला पाचशे मीटर तार लागेल. ती कोण आणि कुठे बांधणार? पण 20 मीटरच्या लहरीला दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट, तार पुरे. ती वाड्याच्या आढ्यापासून परसातल्या नारळापर्यंत सहज मावते. तार मधोमध कापावी, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर बांधावेत आणि दोर लावून वर ओढावी, एवढेच काम. हौशी माणसाला टाकाऊ म्हणून दिलेल्या लहरींनी त्याला जग दिले ते असे. लहर आखूड झाली आणि एरियल श्रीमंताच्या माळावरून सामान्य माणसाच्या अंगणात आले.

पण तार वर टांगून काम भागत नाही. माणूस खाली खोलीत बसलेला आणि एरियल वर वाऱ्यात. खालची शक्ती वर न्यायची कशी? इथे दुसरी तार येते. तिला फीडर म्हणतात. एरियलचे कौतुक सारे करतात. फीडर बिचारा घरातल्या कर्त्या बाईसारखा. सारे काही त्याच्यावर, आणि नाव कुठेच नाही. विहिरीचे पाणी पाटाने मळ्यात न्यायचे तर पाट गळका नको. तसा फीडर वाटेतच शक्ती सांडणारा नको. यावर जुनी तोड अशी: दोन तारा समांतर न्याव्यात आणि मेणात उकळलेल्या लाकडी पट्ट्यांनी त्यांच्यात थोडे अंतर राखावे. दिसायला दोराची शिडीच. दोन्ही तारांतून वीज एकाच वेळी उलट दिशांनी धावते, म्हणून एकीचे उत्सर्जन दुसरी खोडून काढते आणि शक्ती थेट वर पोचते. एरियलशी जुळणी मात्र नीट हवी. पाटाचे दार अर्धवट मिटले तर पाणी उलटे फिरते, तशी इथे लहरच मागे परतते.

या दुहेरी तारेची एक तऱ्हा झेपेलिन नावाच्या जर्मन हवाई जहाजांवरून आली. ती जहाजे पेटत्या हायड्रोजनने भरलेली. ठिणगी वायूपासून दूर राहावी म्हणून लोंबत्या तारेला दुहेरी फीडर लावीत. हौशी लोकांनी तीच तऱ्हा घरी आणली आणि तिला नाव पडले ‘झेप’! नाव जर्मन जहाजाचे. पण मराठी कानाला याहून समर्पक नाव सुचले नसते.

दुसरी तोड म्हणजे तारेभोवती नळी घालणे. मधली तार आतून जाते आणि बाहेरची धातूची नळी तिला पांघरुणासारखी झाकते. ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1880 मध्येच या कल्पनेचे पेटंट घेतले होते. पुढे मार्कोनी कंपनीच्या चार्ल्स फ्रँकलिन यांनी आपल्या बीम-केंद्रांच्या रचनेत तांब्याच्या एकात एक बसविलेल्या नळ्या फीडर म्हणून वापरल्या. ही केंद्रे फार दूर शोधायला नकोत. इंग्लंडशी बोलणारी अशी दोन केंद्रे आपल्या पुण्याजवळ खडकीला आणि दौंडला होती. 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंग्लंडच्या राजाशी संदेशांची देवघेव करून या मार्गाचे उद्घाटन केले. दौंड म्हटले की आपल्याला गाडी बदलणे आठवते. पण एके काळी विलायतेचे संदेश तिथे आकाशातून उतरत असत. दुसऱ्या महायुद्धात तांब्याच्या ताठ नळीच्या जागी पॉलिथिनच्या अंगाची लवचीक केबल आली. युद्ध संपल्यावर लष्कराची उरलेली केबल बाजारात स्वस्तात विकली गेली आणि हौशी मंडळींनी ती घरोघर नेली. आपल्या दूरचित्रवाणीला जोडलेली काळी गोल केबल हे त्याच वंशातले लेकरू.

दूरचित्रवाणीवरून छपरावरच्या त्या माशाच्या सांगाड्याची आठवण व्हावी. 1926 मध्ये जपानमधील सेन्दाई येथील विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ते एरियल पुढे आणले. एका दांड्यावर ओळीने आडव्या काड्या लावल्या की शक्ती एकाच दिशेने जाते. त्यांच्या स्वदेशी लष्कराने त्याची फारशी दखल घेतली नाही. 1942 मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले तेव्हा इंग्रजांच्या कागदांत ‘यागी’ हा शब्द पुन्हा पुन्हा आढळला. अर्थ लागेना. शेवटी युद्धकैद्याला विचारले, तर तो चकित होऊन म्हणाला की, हे तुमच्याच प्राध्यापकाचे नाव आहे! मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 रोजी दूरदर्शन आले आणि पुढे हाच सांगाडा घरोघरी चढला. गच्चीवर कुणी तरी दांडा फिरवतो आहे, खालून पोरे ‘आलं... गेलं... आलं!’ म्हणून ओरडत आहेत, हे दृश्य पुष्कळांच्या आठवणीत असेल. खाली उतरणारी ती चपटी दुपदरी पट्टी म्हणजे शिडीच्या फीडरचीच धाकटी बहीण. आपण सारेच एके काळी थोडे हौशी बिनतारीवाले होतो म्हणायचे!

हौस म्हणून सुरू झालेली विद्या कधी काय मोल मागेल, हे मात्र सांगता येत नाही. 1939 मध्ये महायुद्ध पेटताच हिंदुस्थानातील हौशी परवाने रद्द झाले आणि यंत्रे जमा करण्याचा हुकूम निघाला. तीन वर्षांनी, ‘चले जाव’च्या दिवसांत, मुंबईत एक गुप्त केंद्र बोलू लागले. 27 ऑगस्ट 1942 पासून 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ ऐकू येऊ लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सोबती ते चालवीत. यंत्र जुळविण्याचे काम नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने केले. वर सांगितलेले गणित येथे लावून पाहा. या लहरीची निम्मी लांबी 21 मीटरांहून अधिक भरते. यंत्र पेटीत लपते. पण अशी लहर फेकणारी तार गजबजलेल्या मुंबईत किती लपवायची? शिवाय जी लहर श्रोत्याला सापडते तीच पोलिसांच्या दिशाशोधक एरियललाही सापडते. म्हणून बिऱ्हाडामागून बिऱ्हाड बदलीत केंद्र फिरत राहिले. अखेर 12 नोव्हेंबर 1942 रोजी ते पकडले गेले. अटकेत सापडलेल्या तंत्रज्ञाकडूनच पोलिसांना ठावठिकाणा लागला होता. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि येरवड्याचा तुरुंग त्यांनी पाहिला. अडीच महिन्यांचा तो आवाज. पण वृत्तपत्रांची तोंडे बांधलेली असताना देश जिवंत असल्याची खबर त्याने दिली.

पुढची गोष्ट आपल्या डोळ्यांदेखतची. 2004 च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे हौशी सहकारी अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. कित्येक वर्षांनी तिथून हौशी प्रक्षेपणास परवानगी मिळाली होती. जगभरच्या मित्रांना बेटांवरून साद घालावी, एवढाच आनंदाचा हेतू. 26 डिसेंबरच्या पहाटे धरणी हादरली, समुद्र चालून आला आणि बेटांचे दूरध्वनी मुके झाले. खेळासाठी बांधलेल्या तारा त्या क्षणापासून सरकारी कामाला लागल्या. कुणाचा भाऊ सुखरूप आहे, कुणाची आई सापडत नाही, हे निरोप त्यांवरून मुख्य भूमीकडे गेले. भूकंपानंतर भूजमध्येही 2001 मध्ये हौशी लोकांनी अशीच सेवा केली होती.

आज प्रत्येकाच्या खिशात बोलके यंत्र आहे. तारखात्याची तारही 2013 मध्ये बंद झाली. मग ही गच्चीवरची तार कशाला हवी, असे शहाणी माणसे विचारतात. नव्या इमारतींच्या सभांत ‘गच्चीवर काही बांधू नये’ असा ठराव हात वर करून मंजूर होतो. त्या सभासदांना माझे एवढेच सांगणे: खिशातले यंत्र कुठल्या तरी मनोऱ्याच्या आणि त्याला पुरवलेल्या विजेच्या भरवशावर बोलते. मनोरा पडला की तेही गप्प. हौशी माणसाची तार मात्र मोटारीच्या एका बॅटरीवर बोलते, आणि पडली तर बांबू उभा करून तासाभरात पुन्हा चढते.

म्हणून तुमच्या बिल्डिंगमधल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवला आणि गच्चीवर तेहतीस फूट तार बांधण्याची परवानगी मागितली, तर ती द्या. विजेच्या तारांपासून ती लांब ठेवायला सांगा, आभाळ गडगडू लागले की फीडर सोडून ठेवायला सांगा, आणि दोराचे दुसरे टोक धरायला स्वतः वर जा.