पोटगीच्या एका अटीची कुळकथा

पोटगीच्या अर्जावर सुनावणी सुरू झाली की नवऱ्याचा वकील हमखास एका पोटकलमाचा आधार घेतो: बायको व्यभिचारात राहत असेल, तर तिला पोटगी मागता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 व्या कलमातली ही अट 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 125 व्या कलमात होती आणि 1898 च्या संहितेत 488 व्या. ती आपल्या धर्मशास्त्रातूनच कायद्यात उतरली, असा समज सर्रास आढळतो. पण शास्त्र उघडून पाहिले तर तिथे वेगळेच काही सापडते. व्यभिचारिणीचे अधिकार काढून घ्यावेत, तिला मळक्या वस्त्रांत ठेवावे, जमिनीवर निजवावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. मात्र तिला घरातच ठेवावे आणि जगण्यापुरते अन्न द्यावे, हेही त्याच श्लोकात आहे. चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात कल्याणीला विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली आणि पुढे महाराष्ट्रातल्या हिंदू कायद्याचा तीच मुख्य आधार ठरली. ही वागणूक क्रूरच होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही उपाशी मारण्याची शिक्षा तीत नव्हती.

मग अट आली कुठून? इंग्रजी अमदानीतल्या फौजदारी कायद्यातून. 1872 ची संहिता मांडणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पोटगीच्या तरतुदीचा हेतू स्पष्ट सांगितला होता: निराधारांची भटकंती, निदान तिचे परिणाम, टाळणे. म्हणूनच हा विषय दंडाधिकाऱ्याकडे गेला आणि महिना 50 रुपयांची मर्यादाही आली. हेतू पोट भरण्याचा असेल, तर अटीचा अर्थही त्यातूनच लावायला हवा. दुसऱ्या पुरुषाबरोबर राहणाऱ्या बाईचा खर्च तो पुरुष चालवतो, तेव्हा पहिल्या नवऱ्यावर बोजा नको, इतकेच त्यातून निघते. एखाद्या जुन्या चुकीसाठी अन्न तोडण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. उच्च न्यायालयांनीही अनेकदा हेच धरले आहे की एखादा प्रसंग पुरेसा नाही, तसे राहणे सलग हवे आणि अर्जाच्या आसपासच्या काळातले हवे.

यावर आक्षेप येतो की विश्वासघात करणाऱ्या जोडीदाराला दुसऱ्याने का पोसावे? भावना समजण्यासारखी आहे, आणि वागणुकीचा विचार कायद्यात कुठेच नको असे माझे म्हणणे नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे 25 वे कलम कायम पोटगी ठरवताना दोघांचेही वर्तन पाहते. पुढे पोटगी घेणारी बायको एकनिष्ठ राहिली नाही, किंवा घेणाऱ्या नवऱ्याने परस्त्रीशी संबंध ठेवला, तर आदेश बदलता येतो. 1976 च्या दुरुस्तीनंतर तो बदलायचा की नाही, किती बदलायचा, हे न्यायाधीशाच्या हाती आहे. तिथे तोलून पाहण्याला जागा आहे. फौजदारी संहितेत ती नाही: आरोप सिद्ध झाला की हक्क संपूर्ण जातो, मग बाईकडे उत्पन्नाचे साधन असो वा नसो. नवऱ्याने रखेल ठेवली तर बायकोला वेगळे राहण्याचे सबळ कारण मिळते, एवढेच.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये व्यभिचाराचा गुन्हाच रद्द केला. त्यानंतर 2023 मध्ये नवी संहिता लिहिताना ही अट बदलण्याची चांगली संधी होती. संसदेने ती 144 व्या कलमात तशीच उतरवून घेतली.