मंदी, बदली आणि जात

मंदीचा इतिहास आपल्याकडे बहुधा आकड्यांत लिहिला जातो. किती गिरण्या बंद पडल्या, किती कामगार कमी झाले, मजुरी किती कापली गेली. पण काम शोधत जो माणूस दारोदार हिंडला, त्याचा इतिहास या आकड्यांत सापडत नाही. शिवाय या लेखनामागे एक गृहीत दडलेले असते. मंदी आली म्हणजे सगळे कामगार सारखेच बेकार होतात आणि सारख्याच वाटेने काम शोधतात, असे ते गृहीत आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांचा १९२५ ते १९३९ या काळातला इतिहास पाहिला तर हे गृहीत टिकत नाही.

पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली, जपानी कापडाची स्पर्धा वाढली आणि १९२९ पासून जागतिक मंदीची त्यात भर पडली. मालकांनी कमी माणसांत जास्त काम काढण्याचा मार्ग धरला. सूत कातणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, विणकराने दोनाऐवजी तीन साचे चालवावेत, अशी योजना आली. म्हणजे जागा कमी झाल्या. तिकडे शेतमालाचे भाव कोसळल्यामुळे गावे माणसांना पोसू शकत नव्हती. त्यामुळे दरवाज्याबाहेरची गर्दी मात्र वाढत राहिली.

या गर्दीतल्या माणसाने काम कसे मिळवायचे? अर्ज नव्हता, जाहिरात नव्हती. पाळी सुरू होण्याआधी गिरणीच्या दरवाज्यापाशी उभे राहायचे. आत कोणी खाडा केला असेल तर त्याच्या जागी एका दिवसापुरते काम मिळे. हाच बदली कामगार. बदलीवर कोणाला घ्यायचे हे जॉबर ठरवी आणि बायकांच्या खात्यात नायकीण ठरवी. जॉबर आपल्या गावचा, आपल्या भावकीचा, आपल्या जातीचा माणूस आधी उचली. उरलेल्यांनी दस्तुरी द्यायची. ज्याच्याजवळ ओळख नाही आणि दस्तुरीला पैसाही नाही, त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन उभे राहायचे.

इथवरचे दुःख सर्व कामगारांचे होते. त्यापुढचे दुःख फक्त अस्पृश्य कामगाराचे होते. त्याला सगळ्या खात्यांची दारे खुली नव्हती. रिंग खात्यात त्याला काम मिळे, पण जिथे मजुरी अधिक त्या विणाईच्या खात्यात, म्हणजे साचेखात्यात, त्याला प्रवेश नव्हता. कारण असे सांगितले जाई की, धोट्याची कांडी बदलताना त्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले, त्याला सवर्ण विणकर तोंड कसे लावणार? यंत्र विलायतेतून आले, भांडवल व्यापारातून आले, पण विटाळ गावाहूनच आला आणि कारखान्यात कायम झाला. हा विरोध शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचा होता आणि मालकाने तो मुकाट्याने मान्य केला होता, हे विसरता कामा नये.

मंदीत याचा अर्थ काय होतो ते पाहावे. सवर्ण बेकाराला दहा दारे ठोठावता येत असतील, तर अस्पृश्य बेकाराला तीनच. रिंग खात्यात एका माणसाने दोन बाजू सांभाळायच्या ठरल्या की त्या तीनांतलेही एक बंद. शिवाय सवर्ण कामगाराला वाईट दिवसांत गावच्या जमिनीच्या तुकड्याचा थोडाफार आधार असे. अस्पृश्याचे गावी परतणे म्हणजे वतनाखालची राबणूक पुन्हा पत्करणे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच जोखडाविरुद्ध. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा शहरात काम नाही आणि गावात माणूसपण नाही, अशा कोंडीत तो बेकार उभा होता.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सरळ विचारले की, साचेखात्याचे दार अस्पृश्यांना उघडण्याची मागणी तुमच्या मागण्यांत का नाही? पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली. मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. ते उत्तर धूर्त होते, पण कामगार चळवळीला आरसा दाखवणारेही होते. एकजुटीची हाक देणाऱ्याने आधी आपल्या खात्याचे दार उघडायला हवे होते.

व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हाती असलेल्या भरतीवर टीका केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली. जॉबरची सत्ता त्याने काहीशी आवळली गेली, पण साचेखात्याचे दार उघडले नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांना हेच पुन्हा सांगावे लागले. रेल्वेतही अस्पृश्याला गँगमन म्हणून घेत, पोर्टर म्हणून नाही, कारण स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेई. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा त्यांचा सिद्धांत या अनुभवातून आलेला आहे. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी दाखवून दिले होते की, धंदा बदलू न देणारी जात हीच बेकारीचे एक थेट कारण आहे. आपल्या अर्थशास्त्राच्या वर्गात हे वाक्य किती वेळा शिकवले जाते?

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी मजूर खात्याखाली सेवायोजन कार्यालये निघाली आणि १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली. नाव नोंदवा, क्रमांक घ्या, रिकामी जागा जाहीर होऊ द्या. आज ही व्यवस्था कोणाला रुक्ष वाटेल. पण ज्याच्या आजोबाने जॉबरच्या तोंडाकडे पाहत सकाळी काढल्या, त्याच्यासाठी तो नोंदणीचा क्रमांक माणूसपणाचा पुरावा होता. त्यावर जॉबरची मर्जी चालत नव्हती.

मी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या वर्गातली बरीच मुले-मुली घरातली पहिली पदवीधर होणार आहेत, मी स्वतःही तसाच झालो. २०२० च्या टाळेबंदीनंतर नोकरी शोधणारे विद्यार्थी भेटायला येत. त्यांचा पहिला प्रश्न पात्रतेचा नसे. “सर, तिथं आपलं कुणी ओळखीचं आहे का?” असे ते विचारत. जॉबर गेला असे आपण म्हणतो. मग हा प्रश्न कुठून येतो? कंत्राटदारामार्फत भरती, तासिका तत्त्वावरची नेमणूक, कोणाच्या तरी शब्दावर मिळणारी जागा, या सगळ्यांत बदलीचीच रीत आहे. खाजगी क्षेत्रात आरक्षणाची सक्ती नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण निरनिराळ्या आडनावांचे अर्ज पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. धोट्याला तोंड लावण्याचा प्रश्न आता उरलेला नाही, तरी आडनाव वाचले जातेच.

म्हणून मंदीत ‘रोजगार वाढवा’ एवढीच मागणी आपल्याला पुरेशी नाही. जागा कोणत्या दाराने भरल्या जातात, ते दार कोणाच्या हाती आहे, आणि ते सर्वांसमोर उघडते की मागच्या बाजूला, हे विचारावे लागेल. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातल्या एकेका कार्यालयाची, कारखान्याची, महाविद्यालयाची भरती या नजरेने तपासावी. विद्यार्थ्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवावे की, त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी पहिले काम कसे मिळवले, कोणी मिळवून दिले, कोणत्या खात्यात जाऊ दिले नाही. ही माणसे आहेत तोवरच हे काम होऊ शकते. आकड्यांत न आलेला इतिहास त्यांच्याजवळ आहे, आणि तो आपल्यालाच लिहावा लागणार आहे.