कर्जाचे भांडवल आणि भागाची कमाई

मोसम खोऱ्यातल्या शेतकऱ्याला कर्जाचा स्वभाव सांगावयास नको. सोसायटीच्या कर्जाने विहीर खणली, पाणी लागले, कांद्याला भाव आला, तर व्याज फेडूनही हाती चार पैसे जास्त उरतात. भाव पडला तर व्याज मात्र पडत नाही. कंपनीचे कर्जही याच जातीचे असते.

समजा, कारखान्यास दहा लाख रुपये हवेत. शंभराचे दहा हजार भाग विकले आणि दीड लाख कमाई झाली, तर भागामागे पंधरा रुपये पडतात. आता निम्मी रक्कम आठ टक्क्यांनी कर्जाऊ घेतली. व्याजाचे चाळीस हजार गेले, उरलेले एक लाख दहा हजार पाच हजार भागांत वाटले. कर बाजूला ठेवला तर भागामागे बावीस रुपये! यंत्रे तीच, मजूर तेच. पण मंदीच्या साली कमाई चाळीस हजारांवर आली, तर बिनकर्जी कारखान्यात भागास चार रुपये मिळतात. कर्जदार कारखान्यात शून्य.

इतिहासाची साक्ष काढू. १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीची मुंबईत नोंदणी झाली. लंडनच्या बाजाराने पाठ फिरवली, तेव्हा स्वदेशीच्या लाटेत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत भागभांडवल उभे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे निघाले. ते ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी एकट्याने घेतले. पहिल्या महायुद्धात मागणी वाढली, कारखान्याचा विस्तार सुरू झाला. युद्धानंतर भाव कोसळले, स्वस्त परदेशी पोलाद आले. १९२४ साली तर कंपनी बुडण्याच्या बेतास आली. दोराबजी टाटांनी पत्नीच्या दागिन्यांसह खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटीचे कर्ज उभारले. त्याच साली सरकारने पोलादास जकातीचे संरक्षण दिले, आणि कंपनी तगली. तरी झळ मजुरापर्यंत पोचलीच. १९२८ साली जमशेदपुरास कामगारकपातीवरून मोठा संप झाला.

याच कंपनीने २००७ साली युरोपातील कोरस कंपनी घेतली. सुमारे बारा अब्ज डॉलरांच्या या व्यवहारात मोठा वाटा कर्जाचा होता. पुढल्याच वर्षी जागतिक मंदी आली. २००९-१० साली एकत्रित हिशेबात सुमारे दोन हजार कोटींचा तोटा दिसला. मागणी आटली, व्याज आटले नाही.

कर्ज वाईट, असे आम्ही म्हणत नाही. कर्जावाचून आपल्याकडे किती विहिरी झाल्या असत्या? कमाईचा दर व्याजाच्या दराहून चढा, तोवर कर्ज भागधारकाचे गाडे ओढते. खाली आला की तेच गाडे त्याच्या अंगावर येते. म्हणून बोनसच्या बोलणीस बसताना आम्ही आमच्या मंडळींस सांगतो : भागामागची कमाई वाढली, एवढ्याने हुरळू नका. ती उत्पादनाने वाढली की उसन्या पैशाने, हे आधी विचारा. सुगीत नफ्याचे धनी भागधारक होतात. दुष्काळात मात्र सावकार दारात उभा राहिला, की काटकसरीची पहिली नजर मजुरीवर जाते. आपल्या ताटाची जामीनकी कोणी आपल्याला न विचारता देऊन ठेवली आहे काय, हे पाहण्याचा मजुरासही हक्क आहे.